पोर्चमध्ये दहा मिनिटं गाडी चालू ठेवली की बॅटरी भरते का?

दोन पावसाळ्यांत मी दोन बॅटऱ्या मारल्या. दोन्ही वेळा अगदी नेमाने, रोज सकाळी, काळजी घेऊन.

मी फोंड्याजवळ राहतो, कामाला पणजीला जातो. जून लागला की बाइक पोर्चमध्ये आणि मी कदंबा बसमध्ये (आमची सरकारी बस). बाबांनी सांगून ठेवलेलं, "रोज दहा मिनिटं गाडी चालू ठेव, बॅटरी उतरणार नाही." पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकू आला की मी चहाचा कप घेऊन बाहेर यायचो, सेल्फ मारायचो आणि चहा संपेपर्यंत गाडी घुरघुरत ठेवायचो. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान आणायला निघालो, तर सेल्फवर नुसतं टक्-टक्. नवी बॅटरी घातली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. मेस्त (मेकॅनिक) म्हणाला, "बॅटरीच वायट आयली." तेव्हा मात्र मी एक साधा मल्टिमीटर विकत घेतला आणि एका रविवारी सगळं मोजून काढलं.

उत्तर आधीच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे वाचायला नको. आजच्या बहुतेक बाइकवर आयडलिंगने, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू ठेवल्याने, बॅटरी जेमतेम टिकते, भरत नाही. काही बाइकवर तर उतरते. तुमची बाइक कुठल्या गटातली, हे सांगणारा माणूस तुमच्या ओळखीत नसेल, पण ते पाच मिनिटांत मोजता येतं. तेच खाली क्रमाने लिहिलंय.

लागणारं सामान

डिजिटल मल्टिमीटर (अगदी स्वस्तातला चालतो), स्क्रू ड्रायव्हर, १० नंबरचा पाना, जुना टूथब्रश, पेट्रोलियम जेली. गाडीचं मॅन्युअल असेल तर ते जवळ ठेवा. बॅटरी वॉरंटीत असेल तर बिल आणि वॉरंटी कार्डाचा फोटो आत्ताच मोबाइलमध्ये काढून ठेवा. गोव्याच्या पावसाळ्यात कागद कपाटातही ओलावतो आणि थर्मल बिलावरची अक्षरं तर वर्षभरात उडूनच जातात.

१. तुमची बाइक कुठल्या काळातली?

बाबा खोटं सांगत नव्हते. त्यांचा अनुभव त्यांच्या गाडीचा होता. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसायचा. मॅग्नेटच्या कॉइलमधून थेट एसी करंट यायचा, म्हणून रेस दिली की दिवा उजळायचा आणि सिग्नलवर मंदावायचा. दिवसा हेडलाइट बंद असायचा, फ्यूल पंप नव्हता, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कंप्युटर) नव्हता. आयडलिंगवर जे काही थोडं तयार व्हायचं त्यातला बराच भाग बॅटरीला मिळायचा. शिवाय किक होती. बॅटरी अर्धमेली असली तरी कुणाच्या लक्षातच येत नसे. हॉर्न जरा कुजबुजला, एवढंच.

आता हे बदललंय. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइट कायम चालू ठेवणं सक्तीचं झालं, त्यामुळे तो बंद करायचा स्विचच नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराबाबतचे कडक निकष लागू झाले, त्याबरोबर जवळजवळ सगळ्या बाइकवर फ्यूल इंजेक्शन आलं, म्हणजे पंप, इंजेक्टर, सेन्सर, ईसीयू. किक अनेक मॉडेलवरून गेली. खर्च वाढला आणि बॅटरीवाचून गाडी चालू करण्याची वाटही बंद झाली.

म्हणून आधी एवढं पाहा: आरसीवर उत्पादनाचं वर्ष, हेडलाइट बल्बचा की एलईडी, किक आहे की नाही. साध्या हॅलोजन बल्बला ३५ वॉट लागतात, म्हणजे सुमारे ३ अँपिअर. एलईडीला बरंच कमी. हा एक फरकसुद्धा आयडलिंगचं गणित इकडून तिकडे नेतो.

२. आयडलिंगवर नेमकं काय घडतं

इंजिनच्या बाजूच्या कव्हरात एक मॅग्नेट फिरतो आणि त्याच्या आत तांब्याची कॉइल असते. मॅग्नेट जितका जोरात फिरेल तितकी वीज. ती आरआर युनिटमध्ये (रेग्युलेटर-रेक्टिफायरमध्ये) येते, तिथे एसीची डीसी होते आणि व्होल्टेज साधारण १४ ते १४.५ च्या वर जाऊ दिलं जात नाही. कॉइलवर जे वॉट सांगितलेले असतात ते ५,००० आरपीएमसारख्या वेगाचे. आयडलिंग असतं १,३००-१,४०० चं. तेव्हा त्यातला थोडाच भाग तयार होतो, आणि तो हेडलाइट, पंप, इग्निशन आणि ईसीयू आधी खातात. उरलं तर बॅटरीला.

माझ्या १५० सीसीच्या हॅलोजनवाल्या बाइकवर काय उरतं? मित्राकडून डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) मागून आणला. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला बॅटरीत जात होते सुमारे ०.३ अँपिअर. ब्रेक दाबून धरला की ब्रेकलाइटमुळे तेही उलटे फिरायचे, म्हणजे बॅटरीतूनच बाहेर जायचे.

आता हिशेब मांडा. सेल्फ मोटर साधारण ५० अँपिअर ओढते असं धरू, तीन सेकंद. म्हणजे सुमारे ०.०४ एएच (अँपिअर-अवर, एक अँपिअर तासभर) गेले. ०.३ अँपिअरने ते परत यायला आठ-साडेआठ मिनिटं लागतात, आणि बॅटरीत घातलेलं सगळं साठत नाही, म्हणून दहा धरा. माझा चहा दहा मिनिटांचा. म्हणजे रोज सकाळी मी सेल्फ मारायचो आणि त्याच सेल्फचं कर्ज फेडून गाडी बंद करायचो! त्यात घड्याळ आणि ईसीयू चोवीस तास थोडं थोडं खातच असतात. माझ्या गाडीवर ३ मिलिअँपिअर, म्हणजे दिवसाला ०.०७ एएच. महिन्याला दोन एएचच्या वर. बॅटरी एकूण ५ एएचची. दमट सकाळी पहिल्या सेल्फला गाडी लागली नाही आणि दुसरा मारावा लागला, तर त्या दिवशी आणखी तोटा.

अर्धी रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या प्लेटवर लेड सल्फेटचे खडे घट्ट बसतात. मग ती पूर्ण चार्ज केली तरी पहिल्याइतकं साठवत नाही. माझ्या दोन्ही बॅटऱ्या याच आजाराने गेल्या. कंपनीला मी उगाच शिव्या दिल्या.

३. चार आकडे घ्या

हा भाग सावकाश करा. मीटरची काळी वायर कॉम लिहिलेल्या भोकात, लाल वायर व्होल्टच्या भोकात, डायल डीसी २० व्होल्टवर. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली असेल आणि तुम्ही ती बॅटरीला लावली, तर थेट शॉर्ट होतो. ठिणगी उडते, मीटरचा फ्यूज जातो, स्वस्त मीटर असेल तर मीटरही. मी केलंय.

पहिला आकडा: गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, चावी न लावता. बाइक नुकतीच फिरवून आणली असेल तर बॅटरी खोटं बोलते, वरवरचं व्होल्टेज जास्त दाखवते. म्हणून सकाळीच घ्या.

दुसरा: सेल्फ मारताना. मीटर कुणाला तरी बघायला सांगा. क्षणभर आकडा खाली जातो, तो सर्वांत खालचा लक्षात ठेवा.

तिसरा: इंजिन तीन-चार मिनिटं चालून गरम झाल्यावर, आयडलिंगला. थंड इंजिन आपोआप जास्त आरपीएमवर चालतं आणि तेव्हाचा आकडा फसवा गोड येतो. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि "माझी तर चार्ज होते" म्हणतात. मग हाय बीम लावून आणि ब्रेक दाबूनही एकदा पाहा.

चौथा: रेस देऊन ३,५००-४,००० आरपीएमला धरून. टॅकोमीटर नसेल तर साधारण चौथ्या गिअरवर रस्त्यावर जसा आवाज येतो तेवढी रेस.

आणि हे सगळं मोकळ्या जागेत. शटर ओढलेल्या गॅरेजात किंवा बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून मोजत बसू नका. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि त्याने माणसं मरतात. बाहेर पाऊस आहे म्हणून दार लावून घ्यायचा मोह होतो, तो आवरा.

४. आकडे वाचायचे कसे

उभ्या गाडीवर १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. सीलबंद बॅटरीत भरलेली असताना १२.९ सुद्धा दिसतं. अर्ध्या व्होल्टचा फरक वाटतो किरकोळ, पण त्या अर्ध्या व्होल्टात अर्धी बॅटरी असते. माझी "रोज चालू ठेवलेली" बाइक त्या रविवारी १२.१ दाखवत होती.

सेल्फच्या वेळी आकडा १० च्या वर राहिला तर ठीक. ९.५ च्या खाली गेला आणि बॅटरी आधी भरलेली होती, तर बॅटरी म्हातारी झाली. आधीच उतरलेल्या बॅटरीवर ही चाचणी करून तिला मेलेली ठरवू नका; आधी चार्ज करा, मग निकाल द्या. दुकानात नेमकं हेच उलटं होतं आणि तुमच्या माथी नवी बॅटरी बसते.

आयडलिंगचा आकडा १३.५ च्या पुढे असेल, दिवे लावूनही, तर तुमची बाइक नशीबवान. एलईडी हेडलाइटवाल्या बऱ्याच गाड्या इथपर्यंत येतात. आयडलिंगवर ती हळूहळू का होईना, चार्ज होते. १२.८ ते १३.३ असेल तर माझ्यासारखी गत: फार तर कर्ज फेडण्यापुरतं. आणि आकडा उभ्या गाडीइतकाच किंवा त्याखाली असेल तर तुम्ही पेट्रोल जाळून बॅटरी रिकामी करताय.

रेस दिल्यावर १३.८ ते १४.५ हवेत. माझे आले १४.१. म्हणजे कॉइल, आरआर युनिट सगळं ठणठणीत, दोष फक्त माझ्या सवयीचा. इथे आकडा १३ च्या पुढेच सरकत नसेल तर मात्र कॉइल, आरआर युनिट किंवा कुठलातरी कनेक्टर पाहायला हवा, आणि नवी बॅटरी घालूनही ती महिनाभरात उतरणार. १५ च्या वर गेला तर आरआर युनिट आवरत नाहीये; बॅटरी आतून उकळेल. दोन्हींत गॅरेज गाठा.

(लिथियमची बॅटरी घातली असेल तर वरचे उभ्या गाडीचे आकडे तुम्हाला लागू नाहीत. तिच्यासोबत आलेला कागद पाहा.)

५. मग चार्ज करायची कशी? चालवून

आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवा, तिसऱ्या-चौथ्या गिअरवर. माझ्यासाठी फोंडा-पणजी एक खेप, साधारण ३० किलोमीटर. पाऊस उघडल्यावर, संध्याकाळी, निवांत. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून काढलेला अर्धा तास यात धरू नका; तो म्हणजे रस्त्यावर केलेलं आयडलिंगच, वर ब्रेकलाइट आणि मोबाइलचा चार्जर वेगळा.

चालवल्याने आणखी एक काम होतं. नुसत्या आयडलिंगवर इंजिन पुरेसं तापत नाही, आत तयार झालेलं पाणी एक्झॉस्टमध्ये आणि ऑइलमध्ये राहतं, प्लगवर काजळी धरते. पाऊण तास चालवली की ते उडून जातं. उलट एअर-कूल्ड इंजिन उभ्या जागी अर्धा तास चालू ठेवलं तर वारा न लागल्याने ते नको तितकं तापतं. म्हणजे दहा मिनिटं कमी आणि तीस मिनिटं जास्त, असा हा पोर्चमधला प्रकार.

बॅटरी फारच उतरली असेल तर एका फेरीत भरेल अशी आशा ठेवू नका. शेवटचा पाचवा हिस्सा बॅटरी फार सावकाश घेते, काही तास लागतात. त्यासाठी चार्जर.

६. चार्जर घेताना

बॅटरीवर लिहिलेल्या एएचच्या दहाव्या हिश्श्याइतका करंट हा जुना नियम आजही चांगला. ५ एएचला ०.५ अँपिअर, ९ एएचला ०.९. दुचाकीसाठीचा ऑटोमॅटिक चार्जर घ्या, जो भरल्यावर स्वतःच करंट कमी करतो. शेजारच्या काकांचा कारचा मोठा चार्जर मागून आणू नका. ५ एएचच्या बॅटरीत ८-१० अँपिअर कोंबले तर ती तापते, फुगते आणि हायड्रोजन सोडते. चार्जिंग हवेशीर जागी, जवळ समई-उदबत्ती नको. हे गंमत म्हणून लिहीत नाही. आमच्याकडे चार्जिंगचा प्लग नेमका देवघरापाशी आहे.

पाणी घालायची बॅटरी असेल तर आधी लेव्हल पाहा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचं पाणी गाळून, उकळूनही चालत नाही.

७. महिनाभर गाडी हलणारच नसेल तर

गावी जाताय, परदेशी जाताय, जहाजावर जाताय (गोव्यात हे विचारावंच लागतं). कुणाला चावी देऊन "मधूनमधून चालू कर रे" असं सांगू नका. तो दोन मिनिटं चालू करून बंद करेल, म्हणजे प्रत्येक वेळी तोटाच.

बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि वायर काढून ठेवा. काढताना आधी काळी, निगेटिव्ह. लावताना आधी लाल, पॉझिटिव्ह. उलट केलंत आणि पाना लाल टर्मिनलवर असताना चेसिसला लागला, तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते. वायर काढल्यावर घड्याळ शून्यावर जाईल, हरकत नाही. बॅटरी स्वतःहूनही थोडी उतरत असते आणि आपल्याकडच्या उकाड्यात जरा जास्तच, म्हणून दोन-तीन महिन्यांच्या मुक्कामात मध्ये एकदा चार्जर लावणारं कुणी असेल तर उत्तम.

किनाऱ्याजवळ राहत असाल तर टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमते. टूथब्रशने घासा, कोरडं करा, नट घट्ट करा, वर पेट्रोलियम जेली लावा. सैल नटमुळेही सेल्फला टक्-टक् होतं आणि लोक बॅटरी बदलून येतात. प्लास्टिकचं कव्हर गाडीवर घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो.

वेगळा ट्रॅकर किंवा अलार्म बसवला असेल तर त्याचाही हिशेब धरा. २० मिलिअँपिअर खाणारा ट्रॅकर दिवसाला जवळजवळ अर्धा एएच नेतो. ५ एएचची बॅटरी पाच दिवसांत निम्मी.

८. गाडी लागतच नसेल तेव्हा

किक असेल तर मारा. नसेल आणि बॅटरी फक्त मंद झाली असेल, म्हणजे डॅशबोर्ड नीट पेटतोय, पंपाचा बारीक आवाज येतोय, तर दुसऱ्या गिअरवर धक्का स्टार्ट लागू शकतो. डॅशबोर्डच काळा असेल तर इंजेक्शनवाल्या गाडीला उतारावरून ढकलून फक्त तुम्हाला घाम येईल. पंप आणि ईसीयूला वीजच नाही.

कारवरून जंप द्यायचा तर कारचं इंजिन बंद ठेवून. गाडी लागली की लगेच वायर काढा आणि थेट अर्धा-पाऊण तास चालवा. घरी येऊन पोर्चमध्ये आयडलिंगवर ठेवू नका, हे आता सांगायला नकोच.

आणि एक जुनी युक्ती कुणी करू लागला तर हात धरा: इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून "बघ, चार्जिंग येतंय की नाही" असं दाखवणं. बॅटरी नसली की व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू जाऊ शकतो. तो बॅटरीच्या कितीतरी पट महाग.

९. शेवटी नवीच घ्यायची ठरली तर

मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या एएचचीच घ्या. जुनी बॅटरी घेऊन जा, तिचे पैसे वजा होतात. आत शिसं आणि ॲसिड असतं, त्यामुळे ती भंगारवाल्याला देण्यापेक्षा दुकानातच द्यावी. बिलावर तारीख, बॅटरीचा नंबर आणि गाडीचा नंबर लिहून घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का. बॅटरीवरची उत्पादनाची तारीखही पाहा, वर्षभर फळीवर पडलेली नको.

पैसे द्यायच्या आधी स्वतःचा मीटर लावा. १२.६ च्या खाली असेल तर "आधी चार्ज करून द्या" म्हणा. "गाडी चालवशील तशी भरेल" असं उत्तर मिळेल, ते ऐकू नका. चार्जिंगला काही तास लागतात, म्हणून सकाळी ठेवून संध्याकाळी आणायची तयारी ठेवा. म्हापशात घेणार असाल तर शुक्रवार सोडून जा. बाजाराच्या दिवशी दुकानदाराला तुमच्या मीटरकडे बघायलाही वेळ नसतो.